हनुवटीखालची फट

डेन्झिल पोकॉकनं एकही हेल्मेट शिडीवरून खाली टाकल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात दिलं नव्हतं. शेडच्या मागं सिमेंटचं अंगण होतं. तिथं शिडी लावायची, सगळ्यात वरच्या पायरीवर चढायचं आणि हेल्मेट द्यायचं सोडून. नवं कोरं, रंग वाळलेलं, महिनाभर जीव लावून घासलेलं. ते खाली आपटायचं, दोन-तीन उड्या मारायचं, कुंपणाला जाऊन थडकायचं आणि डेन्झिल वरूनच ओरडायचा, "विनी, गेलं का गं काही?"

त्याची बायको विनी स्वयंपाकघरातून न बघताच सांगायची, "तुझं डोकं गेलंय. बाकी सगळं जागेवर आहे."

आता हे हेल्मेट म्हणजे फटफटीवर घालायचं नव्हे. 'ठाणं टायटन' नावाचा एक जुना सिनेमा, त्यातलं. शनीच्या चंद्रावर एकटी उरलेली बाई, तिच्या डोक्यावर हे पांढरं, भोपळ्याएवढं. कपाळावर पिवळा पट्टा, पुढं फुगीर काच. सिनेमा आला तेव्हा फारसा कुणी बघितला नाही, पण ज्यांनी बघितला त्यांच्या डोक्यात जो घुसला तो काही निघाला नाही. डेन्झिल तेव्हा शाळकरी पोर. पुढं विमानाच्या कारखान्यात फिटर म्हणून त्यानं जन्म काढला. कारखाना बंद पडला तेव्हा चर्टसी गावाच्या अलीकडं, थेम्सला पूर आला की पाणी जिथं दारापर्यंत येतं अशा जागी, परसातल्या शेडमध्ये त्यानं हेल्मेटं करायला घेतली.

मूळचं हेल्मेट पातळ प्लास्टिकचं. शूटिंगपुरतं टिकलं आणि कचऱ्यात गेलं. डेन्झिल काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिनचा चिकट रस थरावर थर बसवून करायचा. "त्यांचं कॅमेऱ्यासाठी होतं," तो म्हणायचा, "माझं माणसांसाठी आहे. नातवाच्या हातात द्या. नातू फुटेल, हेल्मेट नाही."

आणि टिकाऊ आहे म्हणून मापात ढिलाई, असं नाही हं. सिनेमातल्या हेल्मेटाचा डाव्या कानाजवळचा स्क्रू तिरका बसलाय, तर डेन्झिलचाही तिरकाच, तेवढाच. पिवळ्या पट्ट्याचा रंग एका जागी ओघळलाय, तर याचाही तिथंच ओघळलेला. या नादातली माणसं असतातच तशी. आंधळी माया, पण डोळे घारीचे.

तर त्या जानेवारीत विनी आपल्या गायनमंडळातल्या ग्लेनिस प्रॉसरला शेडमध्ये घेऊन आली. ग्लेनिस वेल्सची. ऐंशीला टेकलेली, अंगानं तारेसारखी आणि आवाजानं खाणीतल्या मुकादमासारखी. तरुणपणी सिनेमात नट्यांच्या बदली पडायचं, घोड्यावरून कोसळायचं, काचेतून आरपार जायचं, असली कामं करायची.

"याला सांगा ते," विनी म्हणाली.

"काय सांगायचंय? पुलावरून चालली ती मी," ग्लेनिस म्हणाली. "तुमची ती नटी स्टुलावर चढली तरी घेरी यायची तिला."

डेन्झिलनं हातातली कानस खाली ठेवली. पुलावरची चाल म्हणजे त्या सिनेमाचा जीव. हवा संपत आलेली, खाली काळोख, आणि ती बाई त्या लोखंडी पुलावरून एकटी चालत जाते. ना बोलणं, ना संगीत. डेन्झिलनं ते किती वेळा बघितलंय याचा हिशेब त्यानं कधी ठेवला नाही आणि विनीनं ठेवू दिला नाही.

"आतून काय दिसायचं हो?" त्यानं हळूच विचारलं.

"माझा श्वास. दुसरं काय दिसणार त्या मडक्यात?"

डेन्झिल खुर्ची पुसायला लागला. विनीनं चहा टाकला.

ग्लेनिसला हवं होतं ते सरळ होतं. जिथं शूटिंग झालं तो विमानांचा जुना हँगर अजून उभा होता, आणि त्यातला तो पूलही. दर फेब्रुवारीत या सिनेमाची वेडी मंडळी तिथं जमायची, आणि एका माणसाला पूर्ण पोशाखात त्या पुलावरून जाऊ द्यायची. त्यांचा मोठा मान तो.

"यंदा मी जाणार," ग्लेनिस म्हणाली. "भाषण नको, हार नको. माझं नाव त्या सिनेमात कुठंच नाही, त्याचंही मला काही नाही. पण ती चाल माझी आहे. मरायच्या आधी एकदा ती चालायचीय, डोक्यावर ते घालून. पुढच्या वर्षी गुडघे साथ देतील की नाही, कुणास ठाऊक."

"तुमच्या डोक्यावर माझं हेल्मेट असेल," डेन्झिल म्हणाला. "खऱ्याहून खरं. शब्द दिला."

"तुझा शब्द ठेव तुझ्यापाशी, पोरा. मडकं दे."

फळीवरच्या ओळीतलं एक तयार होतं. ग्लेनिसनं ते दोन्ही हातांनी उचललं, उलटसुलट फिरवलं, "जड आहे, पण बरं आहे," म्हणाली आणि घातलं. मग शेडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लागली. दोन फेऱ्या ठीक झाल्या. तिसऱ्या फेरीला काच आतून दुधासारखी पांढरी झाली. चौथ्या फेरीला ती टेबलावर आपटली, रंगाचा डबा लवंडला, आणि आतून तिनं काचेवर मूठ आपटली. डेन्झिलनं झटकन हेल्मेट उपसून काढलं. ग्लेनिसचा चेहरा बिटासारखा झाला होता.

"आत्ता मारलं असतंस की रे मला!"

"बारका पंखा बसवतो ना आत. दिसणार नाही कुणाला," डेन्झिल घाईघाईनं म्हणाला.

"पंखा कशाला? माझी फट कुठाय?"

"कसली फट?"

ग्लेनिसनं हेल्मेट उलटं केलं आणि हनुवटीखाली उजव्या अंगाला बोट ठेवलं. तिथं बोटभर लांबीची काळी रेघ होती, एका टोकाला किंचित वर वळलेली. रंगानं काढलेली. डेन्झिलच्या सगळ्या हेल्मेटांवर होती ती. ही रेघ जशीच्या तशी उतरवायला तो केसाएवढ्या कुंचल्यानं अख्खा दिवस घालवायचा.

"ही," ग्लेनिस म्हणाली. "ही बुजवलीस कशाला?"

"बुजवली नाही हो. तो ओरखडा आहे. उल्का घासून गेली त्याचा. म्हणून तर पुलावर तिथनं हवा गळते, वाफ येते..."

ग्लेनिस त्याच्याकडं बघत राहिली. मग तिला हसू आलं, आणि ते थांबेचना. विनीला पाठीवरून हात फिरवावा लागला.

"उल्का! अरे पोरा, पावाची सुरी होती ती! पहिल्याच दिवशी मी आत गुदमरले. सिनेमाच्या मालकांना सांगितलं तर म्हणे, बाई, हेल्मेटाला हात लावायचा नाही. मग जेवणाच्या सुट्टीत कँटीनमधली सुरी घेतली, शेगडीवर लाल केली आणि दिली आडवी दाबून. फटीतून उजेड आरपार दिसू नये म्हणून पायमोज्याचा तुकडा चिकटवला आतून. काळा होता म्हणून काळं दिसतं. आणि वाफ? जानेवारीतला हँगर तो! माझा श्वास आहे तो, माझा!"

डेन्झिलनं मान वळवून फळीकडं बघितलं. शेडमध्ये पाच हेल्मेटं ओळीनं उभी होती आणि पाचांवर ती रेघ होती. जगात कुठं कुठं गेलेली त्याची हेल्मेटं, त्या सगळ्यांवर होती. वीस वर्षं तो एका भोकाचं चित्र काढत आला होता.

"नाही," तो म्हणाला. "तुमची काहीतरी गफलत होतेय बाई. कडा बघा तिच्या. सरळ नाहीत. बारीक बारीक दातरे आहेत. ते उल्केच्या आचेनं आलेले फोड आहेत. मी एकेक मोजून..."

आणि बोलता बोलताच तो उठला, तडक स्वयंपाकघरात गेला आणि विनीची पावाची सुरी घेऊन आला. तिचे दाते रेघेच्या काठाला लावले. एक दाता, एक फोड. पुढचा दाता, पुढचा फोड. शेवटपर्यंत. जिथं रेघ वर वळते तिथं सुरीचं टोक बरोबर बसलं.

"अगं विनी," तो म्हणाला, "मी सुरीचे दात काढतोय गं इतकी वर्षं."

"तरी म्हणते, माझ्या सुरीकडं बघून तुला एवढं प्रेम का येतं," विनी म्हणाली.

दुसरा कुणी असता तर महिनाभर तोंड लपवून बसला असता. डेन्झिलनं दुसऱ्या दिवशी सकाळी बारीक पात्याची करवत काढली. एखादी गोष्ट चुकीची आहे हे कळल्यावर ती तशीच ठेवणं त्याला जमायचं नाही. विमानाच्या कारखान्यातलं वळण ते. तिथं चुकीची वस्तू वर आकाशात जाते. त्यानं फळीवरचं हेल्मेट घेतलं आणि रेघेवरून फट पाडली, दातऱ्यांसकट. मग मागच्या अंगणात शिडी लावली.

ग्लेनिस आली होती, आल्याची बिस्किटं चहात बुडवत पायरीवर बसली होती.

"हे काय करतोय हा?" तिनं विचारलं.

"बघा आता गंमत," विनी म्हणाली.

हेल्मेट खाली आलं. ठाप्‌ असा आवाज नेहमीचाच, पण त्यामागून कर्र झालं. डेन्झिल उतरला. फटीच्या वळलेल्या टोकापासून कानापर्यंत तडा गेला होता.

"फुटलं," ग्लेनिस म्हणाली. "आमचंही फुटलं होतं. टेप लावून चालवलं."

"माझ्याकडं टेप लावून चालत नाही."

आता हा पेच असा होता, की भोकाच्या टोकाशी ताण गोळा होतो आणि तिथनं चीर धावते. कारखान्यात यावर सोपा उपाय असतो. टोकाला गोल छिद्र पाडायचं, चीर तिथंच अडते. पण गोल छिद्र सिनेमात नाही. ते डेन्झिलच्या हातून झालंच नसतं, त्यापेक्षा त्यानं स्वतःच्या कानाला छिद्र पाडून घेतलं असतं. दोन दिवस तो जेवताना काट्यानं बटाट्यावर रेघा मारायचा आणि विनी ताट ओढून घ्यायची.

मग त्यानं नवं हेल्मेट घातलं साच्यात. फटीच्या जागी कापडाचे थर एकाच दिशेनं न घालता तिरके, एकमेकांना छेद देणारे घातले. आतल्या बाजूनं ॲल्युमिनियमची पातळ पट्टी वाकवून फटीच्या भोवती ओठासारखी बसवली, बाहेरून नखाएवढीही दिसणार नाही अशी. आतून पायमोज्याचा तुकडा. तो विनीनं दिला, आणि "नवा जोड आणून देशील तेव्हाच जेवायला वाढीन," असंही सांगितलं.

शिडीवरून टाकलं. उड्या मारल्या, कुंपणाला थडकलं. डेन्झिलनं ओरडून विचारलंसुद्धा नाही. उतरला, फटीवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा चढला. दुसऱ्यांदा टाकलं, चीर नाही. मग तिसऱ्या खेपेला ग्लेनिस म्हणाली, "दे इकडं, मी टाकते," आणि विनीनं तिला दंडाला धरून शिडीपासून लांब नेलं.

हँगरमधल्या मेळाव्याची एक रीत होती. दारातच टेबल मांडलेलं असायचं आणि टेबलामागं ऑब्रे फेन बसायचा. पोस्टातून निवृत्त झालेला, लोकरी टोपीचा, मापाचा व्हर्निअर आणि भिंग पुढ्यात घेऊन. पाठीमागं सिनेमातले मोठे मोठे फोटो टांगलेले. पुलावर जी वस्तू जायची ती आधी या टेबलावर यायची. रांगेत ज्याच्या वस्तूला ऑब्रे आधी मान डोलावेल त्याला पूल, बाकीच्यांना नुसता चहा. तो आणि डेन्झिल जुने दोस्त, आणि तेवढेच जुने भांडखोर.

"ये लेका पोकॉक," ऑब्रे म्हणाला. "काय आणलंस? गेल्या वर्षीचा पिवळा जरा हिरव्याकडं झुकला होता हं."

"तुझा चष्मा हिरव्याकडं झुकलाय. हे बघ."

ऑब्रेनं बघितलं. स्क्रू बघितला, पट्टा बघितला, ओघळ बघितला, "हं, हं" करत. मग हेल्मेट उलटं केलं आणि त्याचं भिंग हनुवटीखाली थांबलं.

"हे काय केलंस?"

"फट."

"रेघ आहे ती."

"फट आहे."

"अरे बाबा, भोक पाडलंस तू ओरखड्याला! डेन्झिल, तू? पोरासोरांनी केलं असतं तर समजलो असतो." ऑब्रेला खरंच वाईट वाटलं होतं. रांगेतली माणसं माना उंच करून बघायला लागली. "हे वर नाही जायचं. मला लाज वाटते सांगायला, पण नाही जायचं."

ग्लेनिस पुढं आली. पांढरा पोशाख, त्यावर विनीची शाल. "कोण चाललंय वर, मी का हेल्मेट?"

"तुम्ही कोण, बाई?"

"घाला हो ग्लेनिसबाई," डेन्झिल म्हणाला. त्याला समजावत बसायचं नव्हतं. तो हात बांधून नुसता उभा राहिला, जोडणी तपासून झाल्यावर कारखान्यात उभा राहायचा तसा.

ग्लेनिसनं हेल्मेट घातलं. फेब्रुवारीची सकाळ होती, हँगर असा गार की पत्र्याला हात लावला तर चिकटावा. ती ऑब्रेसमोर उभी राहिली आणि श्वास सोडला.

हनुवटीखालून उजव्या अंगानं वाफेची एक बारीक शेपटी निघाली, जरा वर वळली आणि विरली. पुन्हा श्वास. पुन्हा शेपटी. ऑब्रेच्या डोक्यामागं टांगलेल्या फोटोतही नेमकी तशीच वाफ होती, त्याच जागी, तशीच वळलेली.

सगळे एकदा फोटोकडं, एकदा ग्लेनिसकडं बघत होते.

"वाफ तर माझ्याही हेल्मेटातनं येते," ऑब्रे चाचरत म्हणाला. "मी यंत्र बसवलंय त्यात."

"पंपाचं?" मागून कुणीतरी म्हणालं. "गेल्या वर्षी कॉलरमध्ये पाणी गेलं माझ्या!"

हशा पिकला. ऑब्रे हसला नाही. तो उठून टेबलाच्या या बाजूला आला, वाकला आणि फटीजवळ उघडा तळहात धरला. ग्लेनिसनं श्वास सोडला. ऊब त्याच्या हाताला लागली असणार, कारण त्यानं हात मागं घेतला नाही.

"कशानं पाडली?" त्यानं विचारलं.

"पावाच्या सुरीनं," हेल्मेटातून आवाज आला. "लाल करून."

"म्हणून ते दातरे," ऑब्रे पुटपुटला. डेन्झिलकडं वळला. "म्हणजे आपल्या सगळ्यांचीच चुकली की रे."

"सगळ्यांची. माझी सगळ्यात जास्त. मी सगळ्यात जास्त केलीत."

ऑब्रेनं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. मग पुलाच्या जिन्याशी गेला आणि तिथली साखळी सोडली.

ग्लेनिस जिना चढली. एक हात कठड्याला, पाय दर पायरीला जरा थांबून. विनीनं डेन्झिलच्या कोटाची बाही मुठीत धरली होती. "पडली तर?"

"पडण्यात तर जन्म गेलाय त्यांचा," डेन्झिल म्हणाला, पण बाही सोडवून घेतली नाही.

वर पोचल्यावर तिनं कठडा सोडला. खालच्या माणसांना वाटलं होतं, म्हातारी हळूहळू जाईल, आपण टाळ्या वाजवू, फोटो काढू. ती चालायला लागली आणि पहिल्या दोन पावलांतच कॅमेरे खाली आले. डावा खांदा जरा पुढं, टाच न टेकता आधी बोटं, आणि प्रत्येक पावलाआधी कमरेतला तो इवलासा झोका, पायाखाली जमीन आहे का नाही हे विचारल्यासारखा. या माणसांनी ती चाल तोंडपाठ केली होती. घरात आरशासमोर करून बघितली होती. दर वर्षी कुणी ना कुणी या पुलावर ती करायला जायचा, आणि जवळजवळ जमायची, जवळजवळ. आज कुणी ती करत नव्हतं. ती आपली चालत होती.

"तीच आहे," ऑब्रे म्हणाला. "अरे देवा, तीच आहे." त्यानं टोपी पुन्हा काढली आणि यावेळी हातातच ठेवली.

अर्ध्यावर ती थांबली. डेन्झिलनं आधी काचेकडं बघितलं. काच स्वच्छ होती, फटीतून वाफ येत होती, बारीक, एकसारखी. काही झालं नव्हतं. ती नुसती खाली बघत होती. मग पुढं निघाली आणि पलीकडच्या टोकाला पोचली, जिथं सिनेमात दार बंद होतं आणि पडदा काळा होतो.

आता ती हेल्मेट काढेल म्हणून सगळ्यांनी टाळ्यांसाठी हात वर घेतले. तिनं काढलं नाही. ती वळली. खांदे सैल सोडले, हात कमरेवर ठेवले आणि त्याच पुलावरून परत यायला निघाली, बाजारातून भाजी घेऊन घरी निघालेल्या बाईसारखी, ढांगा टाकत. ही चाल सिनेमात नव्हती. कुठल्या फोटोत नव्हती, ऑब्रेच्या भिंगाखाली कधी आली नव्हती. शूटिंगच्या दिवसांत दिग्दर्शकानं 'पुन्हा एकदा' म्हटलं की कॅमेरा बंद असताना ती अशीच मागं आपल्या जागेवर येत असणार, एकटी, कुणी बघत नसताना.

ती जिन्याच्या डोक्यावर आली, पाय जुळवून जागेवर उभी राहिली आणि हेल्मेटातून ओरडली, "झालं का तुमचं? का अजून एकदा?"

"अजून एकदा!" डेन्झिल खालून ओरडला, आणि ग्लेनिस वळली.